माळावरची पत्र्याची खोली

बाळांनो,

काकाने पाठवलेले फोटो तुम्ही पाहिलेत आणि येत्या सुटीत आपल्याच शेतावर, मातीच्या कुटीत राहायचं ठरवूनही टाकलंत. या. गाद्या उन्हात टाकून ठेवीन. पण परवा फोनवर धाकटीने विचारलं, एवढ्या सुंदर कुट्या असताना आत्याआजी त्या पत्र्याच्या खोलीत का राहते? काकाने तिला कुटी दिली नाही का? मी "आल्यावर सांगते" म्हणाले. आवाज तुटत होता आणि मला खरंच दम लागला होता. नंतर वाटलं, तुम्ही इथे आलात की हाच प्रश्न तिला विचाराल. ती उत्तर देणार नाही, उठून विहिरीकडे जाईल, आणि तुम्हाला वाटेल आपलं काहीतरी चुकलं. म्हणून आधीच लिहून ठेवते. परदेशात वाढल्यामुळे तुम्हाला इंग्रजी सोपं जातं, आणि मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजीच शिकवलं, तरी हे मला इंग्रजीत सांगता येणार नाही. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. ती मला वहिनी म्हणते.

आपलं शेत कंधारच्या पुढे, डोंगराच्या उताराला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा गावातलं घर माळवदाचं होतं. तुमचा काका पाहुण्यांसाठी कुट्यांची जाहिरात करतो तिच्यात तो शब्द आहे, पण त्याचा अर्थ दिलेला नाही. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पालापाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. छप्पर सपाट. वर मिरच्या वाळायच्या, कुरडया वाळायच्या, उन्हाळ्यात माणसं झोपायची. खाली मे महिन्याच्या दुपारीसुद्धा माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. मी नांदेडला स्लॅबच्या घरात वाढलेली. मला ते घर पहिल्या दिवसापासून आवडलं. आता त्या गारव्याला तुमच्याकडे मोठमोठे शब्द आहेत. तेव्हा ते फक्त घर होतं, आणि त्यात राहणाऱ्यांना त्याचं कौतुक नव्हतं. संधी मिळाली असती तर प्रत्येकाने स्लॅबच टाकला असता.

पावसाच्या तोंडावर माळवदावर माती टाकायची, हे घरातलं मोठं काम. गावाबाहेरून पांढरी माती आणायची, बायकांनी घमेल्यातून वर चढवायची, पुरुषांनी पसरून धोपटायची. नाहीतर घर गळायचं. जुनी माती मात्र कुणी काढत नसे. तिला हात लावला तर खालचा पाला उघडा पडेल, भोकं पडतील, अशी सगळ्यांची समजूत. शिवाय अंगात तेवढा जोर तरी कुणाच्या उरलेला असायचा? यंदाची माती गेल्या साली टाकलेल्या मातीवर, ती त्याच्या आधीच्या मातीवर. सासऱ्यांच्या आजोबांपासूनची माती आमच्या डोक्यावर होती. घर जुनं तेवढी माती जाड, आणि माती जाड तेवढं घर गार. याचा सगळ्यांना अभिमानच होता.

अक्काचं सासर औशाच्या खाली, किल्लारीच्या बाजूला. तिचंही घर असंच, आमच्याहून जुनं.

भूकंपाबद्दल तुम्ही इंटरनेटवर वाचलं असेल. मी थोडंच सांगते. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, आणि पहाटे जमीन हलली. भिंतींचे दगड निखळले आणि वरची माती खाली आली. माझ्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा लातूरला राहत होतो; तिथे पलंगावरून उठून रस्त्यावर पळालो, आमचं सगळं शाबूत राहिलं. अक्का दाराजवळ झोपली होती म्हणून लोकांना सापडली. तिचा नवरा, सासू आणि सासरा आतल्या बाजूला होते. तुमचे आजोबा तिला आणायला गेले. परत आले तेव्हा कपड्यांवर, केसांत, पापण्यांवर पांढरी धूळ होती. मी पाणी तापवलं.

सरकारने पुढे नव्या गावात घर दिलं, ते तिने दिरांच्या नावावर करून टाकलं. आमच्या लातूरच्या घरात ती राहिली, पण स्लॅबखाली झोपेना. रात्री अंगणात बाज टाकायची. थंडीत सुद्धा. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, "नणंदेला बाहेर झोपवता होय?" शेवटी तीच आजोबांना म्हणाली, "मला शेतावर एक पत्र्याची खोली टाकून दे. मी ढोरं बघते."

त्या साली मुलखात पत्र्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. आपल्याकडे पत्रा टाकला की वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. एकाही पत्र्यावर दगड नाही असं गाव तुम्हाला सापडणार नाही. गवंड्याने सवयीने दोन दगड वर ठेवले, तर अक्काने त्याला खाली उतरू दिलं नाही. शिडी धरून उभी राहिली. "आधी ते खाली घे." तो हसला, मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने दगड उतरवले. पत्रे लोखंडी अँगलला बोल्टने आवळून घेतले. पुढे दोनदा वादळात उडाले, दोन्ही वेळा पुन्हा आवळले. दगड ठेवला नाही.

गावातलं माळवद आम्ही त्याच वर्षी उतरवलं. निघालेल्या मातीच्या गाड्या आजोबांनी मोजायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या.

इकडे लातूर बदललं. लातूरची मुलं परीक्षेत पहिली येतात असं राज्यभर झालं आणि गल्लोगल्ली क्लास निघाले. उमरीची, हिमायतनगरची, पार विदर्भातली मुलं आली. ज्याच्याकडे जागा त्याने खोल्या काढल्या. जे लोक स्लॅबखाली झोपायला घाबरत होते, तेच काही वर्षांत त्याच्यावर तिसरा मजला चढवू लागले. आमच्याही घरावर चढला. तुमच्या काकाला नोकरी नव्हती, त्याने मुलींचं वसतिगृह काढलं. मी निवृत्त झाले होते, तरी पहाटेपासून कामाला. बादल्यांवर नंबर घालणं, टँकरची वाट बघणं, कुणाची आई रडते तिला फोनवर धीर देणं, कुणी जेवत नाही तिला दूधभात कालवून देणं. मुली गुणी होत्या. पण मी इतकी दमलेली मुलं आधी कधी पाहिली नव्हती. पुस्तकावर डोकं टेकून झोपलेल्या असायच्या, आणि जागं केलं की आधी "सॉरी" म्हणायच्या.

तुमच्या काकाच्या डोक्यात कल्पना आली ती इथून. रविवारी आईवडील भेटायला येत. मुलीला घेऊन जाणार कुठे? हॉटेलात जेवायचं, रस्त्यावरून दोन फेऱ्या मारायच्या, परत. तो म्हणाला, "आई, ह्यांना कंधारला नेऊ. डोंगर आहे, तळं आहे, हुरडा आहे. दोन दिवस कुणी पुस्तकाचं नाव काढायचं नाही." आजोबा तेव्हा गेलेले. मला कल्पना वाईट वाटली नाही. फक्त आणखी काही उभारायचं म्हटलं की पाय जड व्हायचे.

पुण्याहून एक आर्किटेक्ट मुलगी आली. हुशार, नम्र, उन्हात आमच्या गड्यांपेक्षा जास्त वेळ उभी राहणारी. तिने उताराला चार कुट्या बांधल्या. भिंती मातीच्या, पण आत लोखंडाचे पट्टे घातलेले. वर माळवद, वीतभर मातीचं. दर पावसाळ्याआधी वरची माती खरवडून नवी टाकायची, असं तिने गड्यांना स्वतः वर चढून शिकवलं. वीज सूर्यावरची, सांडपाणी केळीला. बिछान्यावर हातमागाच्या चादरी. आंघोळीला उघड्या आकाशाखाली दगडी टाकी, तिला मात्र टब म्हणायचं. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा तो जुना गारवा अंगाला लागला आणि मी पलंगावर बसून राहिले. सगळं चांगलं होतं. खोटं कशाला सांगू?

फक्त कुट्यांकडे जायच्या वाटेवर, अगदी तोंडाशी, अक्काची खोली होती. आता गंजलेली, एका बाजूला निळं प्लास्टिक बांधलेली. प्रत्येक फोटोत ती यायचीच. आर्किटेक्ट मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, रागावू नका, पण एवढं सगळं नैसर्गिक केलं आणि पाहुण्याला पहिला दिसणार तो पत्रा."

काकाने एका सकाळी अक्काजवळ विषय काढला. मी शेंगा फोडत बसले होते.

"आत्या, पहिली कुटी तुझी. पलंग, पंखा, संडास आतच. दार उघडलं की समोर डोंगर."

"डोंगर मला हितनं बी दिसतो."

"अगं, पावसात हा पत्रा किती वाजतो! झोप तरी लागते का?"

"वाजतो म्हणूनच लागते. वर काय हाय ते कळतंय."

"तिथं वीतभर माती आहे फक्त. आणि भिंतीत लोखंड आहे. जमीन हलली तरी काही पडणार नाही."

"न्हाई पडणार. तुझ्यावर इस्वास हाय माझा."

"मग?"

"मग काय? मी हितं झोपते."

"आत्या, तू ऐकून घेऊन राहिलीस का नुसती मान हलवून राहिलीस?"

"दोन्ही करून राहिले," अक्का म्हणाली, आणि शेंगांचं सूप माझ्याकडून ओढून घेतलं.

तो चिडला नाही. त्याने सगळं पणाला लावलं होतं आणि आत्याही त्याची होती. खूप विचार करून त्याने कंधारमध्ये एका नव्या इमारतीत तळमजल्यावर खोली बघितली. पुढे मोकळं अंगण, तिथे बाज टाकता येईल. दिवाळी झाली की तिला तिकडे हलवायचं आणि पत्रा उतरवायचा. मी मध्ये बोलले. म्हटलं, तिचं सगळं आयुष्य आता त्या चार पत्र्यांखाली आहे. तो म्हणाला, "आई, तुला दुसरं काही सुचतं का? सांग, मी करतो." पत्रा दुसरीकडे हलवावा, तर उतारावर तेवढी सपाट जागा नव्हती. अक्काला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. यापेक्षा ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक बाहेर काढून पुसली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. त्या खोलीतून ती हलली तर पुन्हा कुठेच नीट झोपणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

दिवाळीनंतर पहिले पाहुणे आले. ट्रंक भरून झाली होती, वळकटी बांधलेली होती. टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. पाहुणे म्हणजे आमच्या वसतिगृहातल्याच एका मुलीचे आईवडील आणि ती. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी, डोळ्यांखाली काळं आलेली मुलगी. दुपारची वेळ. काकाने गुळाचं सरबत दिलं, कुटीचं दार उघडलं. वडील आत डोकावून खूश झाले.

"आमच्या आज्याचं घर असंच होतं की! त्यात ढोरं बी होती. तुमच्यात ढोरं न्हाईत, एवढीच लग्झरी."

सगळे हसलो. मुलगी आत जाऊन पलंगावर आडवी झाली. आई मात्र उंबऱ्याबाहेरच थांबली. वर बघत होती.

"चल की आत," नवरा म्हणाला. "का सत्कार पाहिजे तुला?"

ती हलली नाही. "भाऊ," ती काकाला म्हणाली, "दुसरं काही न्हाई का?"

"दुसरं म्हणजे, ताई?"

"वर माती नसलेलं."

नवऱ्याचं हसू गेलं. हळूच म्हणाला, "हिचं माहेर तिकडलं हाय, किल्लारीकडलं. लहान होती तवा. माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघा." मग बायकोला म्हणाला, "बरं, बरं. बघू काहीतरी."

पुढे काकाने मला जे सांगितलं ते त्याच क्षणी त्याला कळलं असावं. भूकंप झाला तेव्हा तो शाळकरी पोर होता. आम्ही लातूरला कित्येक रात्री रस्त्यावर झोपलो, त्याला ती सहल वाटली होती. माळवद म्हणजे त्याला गावातल्या घराचा गारवा. पुण्यामुंबईचा पाहुणा डोळ्यांपुढे ठेवून त्याने घर बांधलं, आणि बोलावलं लातूर, औसा, निलंग्याच्या लोकांना. ज्या छताखालून लोक बाहेर काढले गेले, तेच छत त्याने छान चादरी घालून त्यांच्यापुढे ठेवलं होतं.

त्या बाईला वाटेवरची पत्र्याची खोली दिसली. दारात अक्का बांधलेल्या वळकटीवर बसली होती. बाई सरळ तिच्याकडे गेली. मीही मागून गेले.

"मावशी, टेकू का जरा?"

"टेक की. जागा लई हाय. मी निघूनच राहिले."

"कुठं?"

"कंधारला. पत्रा वंगाळ दिसतो म्हणं."

बाईने वर पाहिलं. "चांगला तर हाय. हलका." मग थोडं थांबून विचारलं, "तुमच्यातलं कोण?"

हा प्रश्न त्या भागातली माणसं एकमेकांना असाच विचारतात, पुढेमागे काही न लावता.

"मालक. सासू, सासरा," अक्का म्हणाली. "तुझं?"

"आज्जी. धाकटा भाऊ."

अक्काने मान हलवली. उठून वळकटीची दोरी सोडली आणि गोधडी खाली अंथरली. "बस नीट. चहा टाकते. वहिनी, दूध द्या जरा."

मी दूध आणायला वळले तेव्हा त्या बाईने कुटीकडे तोंड करून हाक मारली. "ए पोरी, इकडं ये. तिथं झोपायचं न्हाई."

मुलगी डोळे चोळत आली. "आई, मला कुठंही झोपू दे गं. फक्त झोपू दे." आणि अक्काच्या गोधडीवर अंग टाकलं ते संध्याकाळपर्यंत उठली नाही. मायलेकी दोन्ही रात्री त्याच खोलीत राहिल्या. वडील एकटे कुटीत झोपले आणि जाताना म्हणाले, "एवढ्या मोठ्या पलंगावर मी एकटाच लोळलो. राजा झालो, पण बोलायला कुणी न्हाई."

काका त्या संध्याकाळी ओट्यावर बसून होता. "आई, मी हे कुणासाठी बांधलं?" उशांच्या धुतलेल्या अभ्र्यांच्या घड्या घालायच्या होत्या, त्या मी घातल्या. थोड्या वेळाने त्याने टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

पुढे असं होत राहिलं. नांदेडचे, परभणीचे लोक आनंदाने कुटीत झोपत, टबचे फोटो काढत. पण तिकडच्या बाजूचं कुटुंब आलं की त्यातली एखादी आई, एखादी आजी, कधी एखादा चांगला मिशाळ माणूससुद्धा दारात थांबायचा. कारण कुणी सांगायचं नाही, आम्हीही विचारायचं सोडलं. ते अक्काकडे जाऊन बसत. काकाने तिच्या खोलीला लागून आणखी एक पत्र्याची खोली काढली. तिचा नकाशा त्याच आर्किटेक्ट मुलीने केला. ती पुण्याहून आली, अक्काजवळ बसून चहा प्याली, आणि पत्र्याखाली बांबूची चटई लावू म्हणाली. अक्का म्हणाली, "नको माय, झाकू नको. दिसू दे." तिने झाकला नाही.

मला यातून काही मोठा बोध काढता येत नाही. काकाचा धंदा भरभराटीला आला असंही नाही. माती खरवडून नवी टाकायला माणसं मिळेनाशी झाली, दोन कुट्या एका सततच्या पावसात खचल्या आणि पुन्हा उभ्या केल्या नाहीत. त्यांची माती केळीच्या वाफ्यात गेली. काका आठवड्यातले पाच दिवस लातूरला वसतिगृह बघतो आणि दोन दिवस इकडे येतो. थकलेला दिसतो. मी दगडाच्या भिंती पाहिल्या, पत्रे पाहिले, स्लॅबवर स्लॅब चढताना पाहिले, आणि पुन्हा मातीची घरं बांधताना पाहिली. प्रत्येक वेळी सांगणाऱ्याला खात्री होती. मला आता इतक्या वेळा खात्री बाळगायचा कंटाळा येतो. निसर्गात राहणं चांगलं, हे खरं आहे. पण माणूस कुठल्या छताखाली डोळे मिटू शकतो हे त्याच्या आधी बघावं लागतं.

तुम्ही आलात की कुटीत झोपा. तुम्हाला तिथे भीती वाटणार नाही आणि वाटायचं कारणही नाही. सकाळी आत्याआजीकडे चहाला जा. ती तुमच्या शाळेचं विचारील, तिकडच्या थंडीचं विचारील. तुम्ही तिला म्हशीबद्दल विचारा.

सध्या शेतावर दोन कुट्या उभ्या आहेत, पत्र्याच्या दोन खोल्या आहेत, विहिरीला पाणी आहे, आणि अक्का आपल्या खोलीत झोपते.